धनको

विसापूरच्या फाट्याशी बसला करकचून ब्रेक लागला आणि मलिकाचा डावा हात आपसूक शेजारी बसलेल्या माणसाच्या छातीवर आडवा गेला. माणूस अनोळखी होता. पेपर मिलची रात्रपाळी संपवून चंद्रपूरला घरी निघालेला असावा. मांडीवर जेवणाचा रिकामा डबा, डोळे अर्धे मिटलेले. त्याने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी नाई पडत बाई," तो म्हणाला आणि हसला. मागच्या बाकावरची कुणी बाईही हसली. मलिकाने हात ओढून घेतला आणि पर्सखाली ठेवला. पण तळव्याला लागलेली ती छाती जाईना. जाड, गरम, भरलेली छाती होती ती. तिच्या हाताला वेगळ्या छातीची सवय होती. बंडीखाली फासळ्या लागायच्या, आणि त्यांच्या आत काहीतरी घाईघाईने चालू असल्यासारखं वाटायचं. वर्षभर याच बसने, आठवड्यातून तीनदा, ती अब्बांना डायलिसिसला नेत होती. ब्रेक लागला की अब्बा पुढच्या दांडीवर आदळत, कारण दांडी धरायची ताकद मनगटात उरली नव्हती, आणि धरायला सांगितलेलं त्यांना आवडतही नव्हतं. म्हणून तिने सांगणं सोडलं आणि हात आडवा घालायला सुरुवात केली. अब्बा खिडकीबाहेर पाहत. हात आलाच नाही, असं दोघंही धरून चालत.

पर्समध्ये फोन थरथरला. तिने आवाज कधीचाच बंद केला होता, पण थरथर बंद करायचं धाडस होत नव्हतं. न कळता फोन येऊन गेला की जास्त भीती वाटायची. नंबर पाहायची गरज नव्हती. या वेळेला रश्मीचा असतो. अब्बांच्या उपचारांसाठी कर्ज दिलेल्या फायनान्स कंपनीतली ही रश्मी कुठे बसते, कशी दिसते, मलिकाला ठाऊक नव्हतं, पण तिचा आवाज आता घरातल्या माणसाइतका ओळखीचा झाला होता. गोड, थोडा दमलेला. अब्बा गेले त्या आठवड्यातही तिने फोन केला होता. "ऐकून फार वाईट वाटलं मॅडम," ती म्हणाली होती, आणि श्वासही न घेता, "मग हप्त्याचं काय करायचं?" मलिकाने तेव्हा तिची माफी मागितली होती. कशाबद्दल, ते अजून कळलेलं नाही. पुढे रश्मीने कॉलेजात प्राचार्यांना फोन केला. प्राचार्य ग्रंथालयात आले, काउंटरवरचं एक पुस्तक उचलून उगाच चाळलं आणि म्हणाले, "मॅडम, काही असलं तर सांगा बरं का." त्यानंतर तिला वाटायला लागलं, की पुस्तक बदलायला येणारी प्रत्येक मुलगी काउंटरवर क्षणभर जास्त रेंगाळते. मग घराच्या दारात दोन माणसं येऊन उभी राहू लागली. शिव्या देत नसत. नुसते मोटरसायकलवर बसून राहत, आणि कुणी विचारलं की सांगत, "शफीभाईच्या पोरीकडे काम आहे." आज हे सगळं थांबायचं होतं. आज जिल्हा न्यायालयात तिच्या नादारीच्या अर्जावर तारीख होती.

नादार हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो परका वाटला नव्हता. घरातल्या हिंदी-उर्दूत तो होताच. पण आपल्या नावापुढे लागेल असं वाटलं नव्हतं. माणूस कोर्टात उभा राहतो आणि शपथेवर सांगतो, की माझ्याच्याने फिटत नाही. कोर्टाची खात्री पटली, की ते त्याला नादार ठरवतं; असेल नसेल ते घेणेकऱ्यांत वाटून टाकतं, आणि मग पगाराला हात लावायला, दारात मोटरसायकल लावायला कुणी येऊ शकत नाही. ॲडव्होकेट रंजीताने हे तिला एका दुपारी चहा ढवळत सांगितलं होतं. रंजीता शाळेपासूनची मैत्रीण, आता काळा कोट. "यात लाज कसली? मोठमोठे लोक करून राह्यले," ती म्हणाली होती. अर्जात ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची नावं लिहायची होती. कोर्टाच्या मराठीत त्यांना धनको म्हणतात. बँक, फायनान्स कंपनी, औषधाचं दुकान. मलिकाने शेवटचं नाव सांगितलं तेव्हा रंजीताने चमचा खाली ठेवला.

"ही कोण बुधरी हलामी?"

"कुरखेड्याकडची आहे. तिचे पैसे अब्बांकडे होते."

"बापाचं देणं तुझ्यावर येत नाही, मलिका. तू सह्या केल्या तेवढंच तुझं. कायदाच आहे."

"अनसने मय्यतीत कबूल केलंय."

"मय्यत कोर्टात चालत नाही," रंजीता म्हणाली होती.

त्या दिवशी मलिका वरच्या खिडकीत होती. बायका मय्यतीबरोबर जात नाहीत. पण मशिदीचं आवार समोरच, आणि माइक चालू राहिला होता. नमाजाच्या आधी वारसाने दोन शब्द बोलायची रीत आहे: मरहूमकडून कुणाचं मन दुखलं असेल तर माफ करा, कुणाचं काही देणं राहिलं असेल तर आमच्याकडे या. अनसचा, तिच्या धाकट्या भावाचा, आवाज माइकवरून आला, तेव्हा क्षणभर तिला अब्बाच बोलताहेत असं वाटलं होतं. तोच घोगरा, शब्दाच्या शेवटी खाली बसणारा. तो रडत होता. खरोखरीच रडत होता. आठवड्याने हैदराबादला परत गेला आणि तिने फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, "आपा, वो तो सब बोलते हैं." तोही खोटं बोलत नव्हता. सगळेच बोलतात, आणि सहसा कुणी येत नाही. बुधरीही आली नव्हती. तिला अब्बा गेल्याचंच फार उशिरा, आठवडी बाजारात कळलं होतं.

अब्बा चारोळी आणि मोहाचे व्यापारी. व्यापारी म्हणण्याइतकं मोठं काही नव्हतं. एक जुना टेम्पो, एक वजनकाटा, आणि कुरखेड्याच्या बाजारात चिंचेखालची ठरलेली जागा. लहानपणी सुट्टीत मलिका बरोबर जायची. गोंड बायका टोपल्यांतून चारोळी आणत, अब्बांशी मोजक्या गोंडीत बोलत, भाव ठरे, आणि मग एक गंमत होई. त्यांतल्या काही जणी पैसे घेतच नसत. "तुमच्यापाशीच राहू द्या भाऊ." घरी पैसा ठेवला का सोयरे वास काढत येतात, असं बुधरी म्हणायची आणि स्वतःच खदखदून हसायची. लग्न निघालं, बैल घ्यायचा झाला, की त्या येऊन मागत. अलीकडे हत्तींनी बुधरीच्या घराची भिंत पाडली, तेव्हापासून ती घरासाठी साठवत होती. अब्बा त्या पैशांना कधी हात लावत नसत. त्यांचा पत्र्याचा डबा वेगळा. एकदा डायलिसिस सेंटरवाल्यांनी आगाऊ रक्कम भरल्याशिवाय मशीन लावायचं नाकारलं, तेव्हा अब्बांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, कोठीतला डबा आण. तिने आणला. महिनाभराने, ती त्यांचे पाय चेपत असताना, ते म्हणाले, "वो डिब्बा बुधरी का था. औरों का दे चुका था, उसका बाकी था. बेटा, वो कर्ज़ नहीं है. अमानत है." तिने म्हटलं, देऊन टाकू. अब्बांनी मान हलवली. पुढे त्यांनी पुष्कळ काही सांगितलं असेल, पण तिच्यापाशी तेवढं एकच वाक्य राहिलं.

न्यायालयाच्या व्हरांड्यात गर्दी होती. कोळशाची बारीक धूळ इथल्या खिडक्यांच्या जाळ्यांवरही बसलेली असते. कुणीतरी जाळीवर बोटाने नाव लिहून ठेवलं होतं. रंजीता तिला ओढतच म्हणाली, "साहेब आज मूडमध्ये आहेत. बँकेचा वकील थोडा भुंकेल, भुंकू दे. तू विचारलं तेवढंच बोल. आज झालं तर आजपासून सुटलीस." मलिकाने हो म्हटलं. आणि मग बाकाच्या टोकाला तिला बुधरी दिसली. गुडघ्यापर्यंतचं हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, पाय वर घेऊन ती भिंतीला टेकून बसली होती. शेजारी एक म्हातारा, डोक्याला टॉवेल, छातीशी प्लॅस्टिकची पिशवी धरलेला. सगळ्या धनकोंना कोर्टाची नोटीस जाते, हे तिला माहीत होतं. पण ती नोटीस त्या वाडीपर्यंत पोचेल आणि ही माणसं दोन बसगाड्या बदलून इथवर येतील, असं तिच्या मनात आलं नव्हतं.

"बुधरीबाई."

"आली का वं पोरी!" बुधरीने तिचा हात घट्ट धरला. तिचा हात गार पडलेला होता. "बरं झालं आली. मले सांग, काय केस टाकली आहे माह्यावर? मोहफुलं वेचाले गेली होती मी, तं जंगलवाल्यायनं नाव लिहून नेलं होतं. तेच आहे का?"

"तुमच्यावर केस नाही."

"नाई कशी? कोर्टाचा कागद आला घरी. पोलीस पाटलानं वाचला. बुधरी हलामी, हाजीर व्हा. मी म्हटलं, झालं आता."

म्हातारा पुढे सरकला. "मी लटारू. जमानतीले आलो. सातबारा घेऊन आलो," तो म्हणाला आणि पिशवी उघडून कागद दाखवला. "गेल्या साली माह्या साळ्याले पकडलं, तं सातबारा नोता मून चार दिस आत राह्यला. मी म्हटलं, बुधरीचं तसं नाई होऊ द्याचं."

मलिकाने समजावून सांगायचा प्रयत्न केला. केस माझी आहे, मीच टाकली आहे. माझ्यावर लोकांचे पैसे आहेत, तुमचेही आहेत, म्हणून तुमचं नाव. बोलता बोलता तिला जाणवलं, की हे तिच्या भाषेत सरळ वाटतं आणि यांच्या कानांत उलटंच जातंय. बुधरी आणि लटारू आपसात गोंडीत बोलले. अब्बांना ती भाषा यायची. तिला दोन-चार शब्दांपलीकडे येत नव्हती, आणि ते चार शब्द यात नव्हते. बुधरीने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग रंजीताच्या काळ्या कोटाकडे.

"म्हंजे तुले पकडलं?" ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात पुकारा झाला.

कोर्टाची खोली आतून अंधारी आणि थंड होती. पंखा फिरताना एका ठिकाणी अडखळत होता आणि मलिका नकळत त्या अडखळण्याची वाट पाहत होती. बँकेचा वकील तरुण होता, नुकती दाढी केलेली. त्याचा आवाज रश्मीसारखाच गोड होता, हे तिला बसल्याजागी खटकलं. अर्जदार नोकरी करतात, घर आहे, भाऊ कमावता आहे, असं तो म्हणत होता. ज्या घराबद्दल तो बोलत होता ते वेगळंच कुठलं तरी प्रशस्त घर आहे, तिथे राहणारी बाई लबाड आहे, असं ऐकताना वाटत होतं. आपणही ऐकणारे असतो तर आपल्यालाही तसंच वाटलं असतं. न्यायाधीशांनी कागद उलटले आणि विचारलं, धनकोंपैकी कोणी हजर आहे का? बुधरी उभी राहिली. तिला पुढे बोलावलं. पायऱ्या चढून पिंजऱ्यात उभं राहताना तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि दोन्ही हात जोडले, आणि ते जोडलेलेच ठेवले.

"शफी शेख यांच्याकडे तुम्ही पैसे ठेवले होते?"

"नाई साहेब."

पंखा अडखळला.

"नीट ऐका, बाई. इथं लिहिलंय की तुमची रक्कम त्यांच्याकडे होती."

"म्या काई देल्लं नाई. शफीभाऊचं आमच्यावर काई नाई, आमचं त्यायच्यावर काई नाई. या पोरीवर तं काईच नाई." ती भराभर, पाठ केल्यासारखी बोलली. "पोरीले सोडा साहेब. चांगली आहे ते."

कुणीतरी हसलं. रंजीता चटकन उठली. "सर, मयत वडिलांच्या ऐकीव माहितीवरून हे नाव आलं होतं. वगळायला आमची हरकत नाही." न्यायाधीश स्टेनोला सांगू लागले. मलिकाला त्यांचं वाक्य तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं. सदर धनको यांनी देणे असल्याचे नाकारले. रंजीताने वळून तिच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, बघ, अडसर आपोआप गेला. खरंच गेला होता. आता बँक, कंपनी, औषधाचं दुकान. आणि मग शांतता. संध्याकाळी घरी जायचं, दारात कुणी नाही. फोन घ्यायचा आणि रश्मीला म्हणायचं, आता कोर्टाशी बोला. बुधरीला मागाहून गुपचूप देता येतील, थोडे थोडे. मग तिला आठवलं, की अर्ज झाल्यावर एकाच माणसाला गुपचूप देणं हाच गुन्हा आहे. रंजीतानेच बजावलं होतं. ते जाऊ दे. पण ते नाकारल्याचं वाक्य आता टाइप होत होतं. टाइप झालं की मग तो डबा कधी नव्हताच. आणि डबा नव्हता, तर भिंतीकडे तोंड करून पडलेला तो माणूस कोण होता, आणि त्याने एवढी ताकद लावून कशाबद्दल सांगितलं? वेदनेत माणूस काहीबाही बोलतो. नर्स म्हणाली होती, वडील हल्ली भ्रमात असतात. ही बाई शपथेवर म्हणतेय की काही नव्हतं. सगळं जुळत होतं. सगळे मिळून त्या वाक्यावर माती लोटत होते, आणि लोटणाऱ्यांत सगळ्यात प्रेमाने बुधरी लोटत होती.

आपण उभ्या राहिलो आहोत, हे तिला खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला तेव्हा कळलं.

"साहेब, त्यांनी दिले होते."

"मलिका, बस," रंजीता दातांतून म्हणाली.

"त्यांना वाटतंय केस त्यांच्यावर आहे. किंवा मला अटक झालीय. म्हणून त्या नाही म्हणताहेत. हत्तींनी त्यांच्या घराची भिंत पाडली, घरात मोह होता म्हणून. ते घर बांधायला ठेवलेले पैसे होते. अब्बांनी मला स्वतः सांगितलं, कर्ज नाही, अमानत आहे."

बँकेचा वकील उभा राहिला होता. आता त्याचा आवाज गोड नव्हता. "अमानत, सर. म्हणजे दुसऱ्याची विश्वासाने ठेवलेली रक्कम. मग ती गेली कुठे, हे अर्जदारांनी सांगावं."

"डायलिसिसला."

"कुणी खर्च केली?"

तिने डबा उचलला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा हलका लागला होता. कोठीत मोहाचा गोडसर, आंबूस वास होता. "मी नेऊन भरली," ती म्हणाली. "वडिलांनी सांगितलं म्हणून."

खोलीत कुजबुज झाली. वकिलाने आपल्याला लेखी म्हणणं मांडायचं आहे, अर्जदाराचं वर्तन तपासलं पाहिजे, असं सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून बुधरीकडे पाहिलं, मग मलिकाकडे; त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळाही नव्हता. दोघींचं म्हणणं लिहून घ्या, ते म्हणाले. आज आदेश नाही. पुढची तारीख. बुधरीच्या अंगठ्याला शाई लावली गेली.

बाहेर आल्यावर रंजीताने फाइल काखेत मारली. "तुला फौजदारीत नेऊ शकतात ते. कळतंय का? आज सुटली होतीस." आणि मग थोड्या खालच्या आवाजात, "तुझे अब्बा तरी असं बोलले असते का?" मलिकाला खरंच माहीत नव्हतं. अब्बा कदाचित गप्प बसले असते आणि रात्री उठून पाणी प्यायले असते. रंजीता दुसऱ्या कोर्टाकडे गेली. फोन थरथरत होता. आता उद्याही थरथरणार, आणि दारात ती दोघं येणार.

बसस्टँडपर्यंत तिघं पायी गेली. बुधरी पुढे, झपझप. लटारू मागून विचारत होता, "मंग माह्या सातबाऱ्याचं काय? लागला का नाई?" गडचिरोलीची गाडी लागली होती. बुधरी गाडीच्या दाराशी थांबली आणि वळली. तिचं तोंड रागाने लाल झालं होतं.

"तू काऊन उठली वं? मी तुले सोडवून राह्यली होती. घर काय, बांबूचं कुडाचं बांधलं असतं. पैसा काय, येते न् जाते. मनात म्हटलं, जाऊ दे, शफीभाऊची पोरगी सुटते. आन् तू उठून आपल्याच तोंडानं सांगतेस! शिकलेल्या लोकायले अक्कल राहत नाई, बाप्पा!"

"तुमचे होते ना पण, बुधरीबाई."

"होते. म्या सोडले होते ना." ती क्षणभर थांबली. आत चढलेल्या लटारूने तिला गोंडीत हाक मारली, तिने हातानेच त्याला गप्प केलं. "आता सोडलेले नाई राह्यले. आता तू कागदावर आणले. माहा आंगठा घेतला. आता मंग दे."

मलिकाने शपथेवर लिहून दिलेल्या अर्जाची प्रत पर्समध्ये होती, त्यात ती फेडायला असमर्थ आहे असं होतं, आणि ते अक्षरन् अक्षर खरं होतं. पुढच्या तारखेला ते आणखी खरं ठरवायला रंजीता झटणार होती. कोर्टाने तसं ठरवलं, तर बुधरीच्या वाट्याला रुपयामागे काही पैसे येतील आणि बाकीचं कायद्याने पुसलं जाईल. हे सगळं या बाईला आत्ता, सुरू झालेल्या गाडीच्या दाराशी, कोणत्या भाषेत सांगायचं?

कंडक्टरने घंटी मारली. बुधरी चढली. गाडी हलली तशी खिडकीतून तिचं अर्धं अंग बाहेर आलं, आणि सबंध स्टँडला ऐकू जाईल अशा, बाजारात भाव करायच्या आवाजात ती ओरडली, "ए पोरी! माहे पैसे बुडवशील नाई ना?"

फलाटावरची माणसं वळली. उसाचा रस पिणारा एक कॉलेजचा घोळका वळला. त्यात ग्रंथालयात येणारी एक मुलगी होती, ती मलिकाकडे पाहतच राहिली. किती महिने मलिका याच प्रश्नापासून लपत होती. कुजबुजीत, फोनमध्ये, दारातल्या मोटरसायकलवर तो होता. आता तो उन्हात, सगळ्यांसमोर, नावानिशी उभा होता. भीती वाटतेय की काय, हे पाहायला वेळ नव्हता. गाडी फाटकाकडे वळत होती.

"नाई बुडवत!" ती ओरडली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा फार मोठा निघाला. बुधरीला नीट ऐकू गेलं नसावं, तिने कानामागे हात धरला. मलिका गाडीमागून चार पावलं धावली आणि पुन्हा ओरडली.